‘आपण इथे पाहुणे आहोत’ असं मुलीला सांगू नका

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वडिलांनी पत्र पाठवलं आहे. अकरा वर्षं एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, ग्रीन कार्डच्या, म्हणजे कायम रहिवासाच्या परवान्याच्या, रांगेत. मुलगी अकरावीत, गणितात हुशार. तिला कायदा शिकायचा आहे, त्यातही नागरी हक्कांचं काम करायचं आहे. विद्यार्थ्यांची दप्तरं कशी तपासली जातात यावर तिने शाळेच्या वृत्तपत्रासाठी लेख लिहिला होता. वडिलांनी तो मागे घ्यायला लावला. ते विचारतात, ‘हिला कम्प्युटर सायन्सकडे कसं वळवू? नाहीतर पुण्याला पाठवून पाच वर्षांच्या लॉला घालू का? नागरिक नसलेल्याला इथे अमेरिकेत वकिली तरी करता येते का?’

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच ओळीशी अडले. ‘मी तिला समजावलं की आपण इथे पाहुणे आहोत, पाहुण्याने घरच्यांच्या रीतीवर बोलू नये.’ अहो, ती पाच-सहा वर्षांची असताना तुम्ही तिला तिथे नेलंत. तिची बालवाडी तिथली, मैत्रिणी तिथल्या, तिला आठवतं ते सगळं तिथलं. तुम्ही कुठून आलात हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून ‘पाहुणे’ हा शब्द तुम्हाला पेलतो. तिला मात्र त्यातून एवढंच कळलं असेल की जी शाळा ती आपली समजते, तिथे तिला बोलायची परवानगी नाही. आणि हे तिला शाळेने सांगितलेलं नाही, तिच्या बाबांनी सांगितलं. तिच्या गुणांची मला काडीचीही काळजी नाही, या वाक्याची आहे.

तुमची भीती मी खोटी म्हणत नाही. २०२५ मध्ये निदर्शनांत सहभागी झालेल्या किंवा लेख लिहिलेल्या काही परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसा अमेरिकेत रद्द झाले, काहींना कोठडीत ठेवलं गेलं. त्यातल्या काहींची सुटका न्यायालयांनी केली, पण म्हणून तिकडच्या आईबापांची झोप परत आलेली नाही. जाहीर लिहिताना काय जपायचं, याबद्दल मुलीशी जरूर बोला. पण ते बोलणं ‘मला भीती वाटते’ इथून सुरू करा. भीतीला शिष्टाचाराचं नाव देऊ नका.

दप्तरांचा विषय तिने उगाच उकरून काढला असं तुम्हाला वाटतं. तुमच्या शेजारच्या पिस्कॅटवेमध्ये १९८० साली चौदा वर्षांची एक मुलगी शाळेच्या स्वच्छतागृहात सिगारेट ओढताना सापडली. आपण ओढतच नाही असं ती म्हणाली, तेव्हा शाळेतल्या अधिकाऱ्याने तिची पर्स उघडली. आधी सिगारेटी निघाल्या, मग गांजा, मग कोणाकडून किती पैसे येणं आहे त्याची यादी. खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मुलगी अल्पवयीन म्हणून फक्त आद्याक्षरांनी तो ओळखला जातो: न्यू जर्सी विरुद्ध टी. एल. ओ. १९८५ च्या निकालात मुलगी हरली. पोलिसांना लागतो तेवढा भक्कम आधार शाळेला लागत नाही, वाजवी संशय पुरतो, असं न्यायालय म्हणालं. पण त्याच निकालाने हेही ठरवलं की अवाजवी झडतीपासून संरक्षण देणारी चौथी घटनादुरुस्ती सरकारी शाळेच्या अधिकाऱ्यांनाही बांधून ठेवते. संशयाला कारण हवं, आणि झडती त्या कारणापुरतीच हवी. तुमच्या घरापासून काही मैलांवर घडलेल्या प्रकरणातून देशभरातल्या शाळांचा नियम तयार झाला. तुमची मुलगी नेमकं हेच विचारत होती की आमच्या शाळेत संशयाला कारण लागतं का. हा उर्मटपणा नाही. वकिलाला लागणारी नजर हीच असते.

आता नागरिकत्वाबद्दल, कारण हा गैरसमज तुमच्याकडे फार घट्ट बसलाय. आपल्या राज्यघटनेत कलम १४ ‘व्यक्ती’ म्हणतं आणि कलम १९ ‘नागरिक’ म्हणतं, हे आपण शाळेत शिकलो. अमेरिकेतही शब्द असेच मोजून वापरलेत. मतदान नागरिकाचं; पण चौदाव्या घटनादुरुस्तीतलं कायद्याचं समान संरक्षण प्रत्येक ‘व्यक्ती’ला आहे. १८८६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी लाँड्रीवाल्यांनी हे सर्वोच्च न्यायालयाकडून वदवून घेतलं. ते नागरिक नव्हते. देशात कोणाला येऊ द्यायचं, कोणाला राहू द्यायचं, यात सरकारचा हात मात्र फार मोकळा आहे, आणि तुमची भीती तिथलीच आहे. वकिलीचं म्हणाल, तर कनेक्टिकट राज्याने एका डच बाईला केवळ नागरिक नाही म्हणून वकिलीची सनद नाकारली होती. ती कायम रहिवासी होती. ती भांडली, आणि १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने कौल दिला. ‘इन री ग्रिफिथ्स’ हे नाव मुलीला सांगा. बहुधा तिला आधीच माहीत असेल.

मार्ग सरळ आहे: कोणत्याही विषयातली चार वर्षांची पदवी, एलसॅट ही लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा, तीन वर्षांची जेडी ही कायद्याची पदवी, मग त्या त्या राज्याची बार परीक्षा, म्हणजे वकिलीच्या सनदेसाठीची परीक्षा. म्हणजे आज भांडण करण्याची गरजच नाही. ती गणित किंवा कम्प्युटर सायन्समध्ये पदवी घेऊनही लॉ स्कूलला जाऊ शकते. फक्त हे तिला वळवण्याची युक्ती म्हणून वापरू नका, तिच्या लगेच लक्षात येईल. पुण्याचा विचार सोडा. भारतीय पदवीवर वर्षाचं एलएलएम करून न्यूयॉर्कच्या बार परीक्षेला बसता येतं, पण तिला तिथल्या हक्कांचं काम तिथेच करायचं असताना हा उलटा फेरा कशासाठी?

खऱ्या अडचणी वेगळ्या आहेत आणि त्यांचा तुमच्या पत्रात उल्लेखही नाही. तुमच्या व्हिसावरचं तिचं अवलंबित्व २१ व्या वर्षी संपतं. तोवर ग्रीन कार्ड आलं नाही, तर तिला विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागेल. ग्रीन कार्डाशिवाय केंद्र सरकारचं शैक्षणिक कर्ज मिळत नाही, आणि लॉ स्कूल महाग आहे. नागरी हक्कांच्या संस्थांचे पगार मोठ्या लॉ फर्मच्या जवळपासही नसतात. केंद्र सरकारच्या बहुतेक नोकऱ्या नागरिकांसाठीच असतात. हा हिशेब तिच्यासमोर कागदावर मांडा. सोळा वर्षांच्या मुलीला तो नक्की कळतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला न्यू ब्रन्सविकच्या काउंटी कोर्टात दोन-चार दिवस बसू द्या. सुनावण्या एरवी सर्वांसाठी खुल्या असतात. सरकारी खर्चाने मिळणारा वकील दिवसभर काय करतो ते तिला दिसेल. तरीही हेच हवं वाटलं, तर तिला विषय कळला आहे असं समजा.

आणि तो लेख मागून घ्या. तुम्ही तो वाचल्याचं पत्रात कुठेच म्हटलेलं नाही. मागे घ्यायला लावण्याआधी वाचायला हवा होता, आता तरी वाचा. मग व्हिसाच्या वयोमर्यादेबद्दल विचारायला इमिग्रेशन वकिलाकडे जाल, तेव्हा तिला बरोबर न्या. प्रश्नांची यादी तिलाच करू द्या आणि तिथे विचारूही तिलाच द्या.