सोळा इंची चाकं आणि साडेतीनशे पौंड

प्रश्न: आमच्या शेजारच्या आजींच्या गॅरेजमध्ये त्यांच्या यजमानांची जुनी मोल्टन सायकल आहे. 1964 सालची, असं त्या सांगतात. निळा रंग, सोळा इंची चाकं, मागे भलंमोठं कॅरिअर. 350 पौंड म्हणतात. मी गल्लीत एक चक्कर मारून आले आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. घरी मात्र म्हणतात, एवढ्या पैशांत मोठ्या चाकांची नवी कोरी सायकल येईल. शिवाय पन्नाशीच्या बाईनं लहान मुलांच्या सायकलवर ऑफिसला जायचं का? या सायकली एवढ्या महाग का? आणि घ्यावी का?
– एक वाचक, रेडिंग, इंग्लंड

उत्तर: ताई, "लहान मुलांची सायकल" हे मी माहेरी रोज ऐकत होते. साताऱ्यात आमचं सायकलचं दुकान होतं. तासावर भाड्यानं द्यायच्या सायकली बाहेर ओळीनं लावलेल्या असायच्या. लहान चाकांच्या पोरांसाठी, काळ्या दांडीच्या मोठ्यांसाठी. पाय पुरायला लागले की पोरगं आपणहून मोठ्या सायकलीला हात लावायचं आणि पुन्हा लहानीकडे बघायचं नाही. लहान चाक म्हणजे शिकाऊ, हे माझ्याही डोक्यात इतकं पक्कं होतं, की ब्रिस्टलला आल्यावर पहिली मोल्टन दुरुस्तीला आली तेव्हा मी ती बाजूला ठेवून दिली होती. ओव्हरहॉलिंग झाल्यावर तपासायला म्हणून बसले, आणि तुमचं झालं तेच माझं झालं.

ती लहान मुलांची सायकल नाही. अ‍ॅलेक्स मोल्टन हा रबराच्या कारखानदारांच्या घराण्यातला इंजिनिअर. ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन या विल्टशरमधल्या गावात त्याच्या पणजोबांपासूनचा धंदा. 1959ची मिनी मोटार आठवा: दहा इंची चाकं आणि स्प्रिंगच्या जागी रबर. ती रबराची रचना मोल्टनची. सुएझच्या पेचप्रसंगात इंग्लंडमध्ये पेट्रोल रेशनवर आलं तेव्हा तो सायकल चालवायला लागला आणि त्यानं साधा प्रश्न धरला, की सायकलचं चाक एवढं मोठं कशाला हवं?

लहान चाक हलकं असतं, चटकन वेग घेतं, मजबूत असतं आणि वर सामानाला जागा सोडतं. पण खड्डा त्याला जास्त लागतो, आणि हवा कमी असेल तर ते ओढल्यासारखं चालतं. म्हणून त्यानं टायर अरुंद ठेवून त्यात हवा कडक भरली आणि बसणारे धक्के झेलायला मागे रबर, पुढे हँडलच्या नळीत स्प्रिंग घातली. दोन्ही गोष्टी एकमेकींसाठी आहेत. कडक टायरशिवाय ती पळणार नाही आणि रबराशिवाय तो कडक टायर तुम्हाला सोसणार नाही. गल्लीतल्या चक्करमध्ये तुम्हाला जे आवडलं ते हेच असणार: सिग्नलवरून निघताना सायकल पायाखालून पुढे सरकते आणि रस्त्याचा खडबडीतपणा मनगटापर्यंत पोचत नाही.

रॅले या मोठ्या इंग्रजी सायकल कंपनीनं हा आराखडा आधी नाकारला होता. मग मोल्टननं स्वतःच कारखाना काढला आणि 1962 साली सायकल बाजारात आणली. त्याच डिसेंबरात जॉन वुडबर्न या शर्यतपटूनं हिच्या रेसिंगच्या रूपावर कार्डिफ ते लंडन अंतराचा विक्रम मोडला. घरी हे जरूर सांगा! पुढे 1965ला रॅलेनं आपली सोळा इंची सायकल काढली, पण सस्पेन्शनचा, म्हणजे धक्के झेलणाऱ्या रबर-स्प्रिंगचा, खर्च टाळण्यासाठी जाडजूड, मऊ टायर घातले. दिसायला गोड, चालवायला जड. लहान चाकांच्या सायकली दमवतात ही समजूत पसरायला त्या टायरचा मोठा हात आहे, आणि मला त्याचं अजूनही वाईट वाटतं. 1967ला रॅलेनं मोल्टनचा सायकलींचा धंदाच विकत घेतला आणि 1974पर्यंत ते उत्पादन संपलं.

आता पैशांचं. मोल्टन म्हटलं की लोक ज्या चक्रावणाऱ्या किमती ऐकतात त्या तुमच्या सायकलच्या नव्हेत. 1983पासून मोल्टननं दुसऱ्याच जातीची सायकल बनवली. तिची फ्रेम म्हणजे बारीक नळ्यांची जाळी, पुलाच्या कैचीसारखी, एकेक जोड हातानं ब्रेझिंग करून, म्हणजे पितळ वितळवून, भरलेला. तिच्या वरच्या मॉडेलची किंमत दहा हजार पौंडांच्या पुढे जाते. जपानात तिचे फार चाहते आहेत. तुमची आहे ती आधीची, आडव्या पडलेल्या इंग्रजी एफसारख्या फ्रेमची. अशा माझ्या हातून बऱ्याच गेल्या. गंजलेली, टायर फाटलेली मी 80 पौंडांना घेतली आहे, आणि नीट जपलेली 400ला जाताना पाहिली आहे. म्हणजे आजींची किंमत अवाजवी नाही, फक्त सायकल खरोखर चालू स्थितीत हवी.

ते असं बघा. सायकल उलटी करून मागचा चिमटा, म्हणजे मागचं चाक धरणारा फ्रेमचा भाग, टॉर्च लावून तपासा. सुरुवातीच्या सायकलींचे मागचे चिमटे तडकत असत आणि पुढे ते जास्त मजबूत केले गेले. जोडांजवळ रंगात केसाएवढी रेघ आणि त्यातून गंज डोकावत असेल तर तिथेच थांबा, नवा चिमटा मिळेपर्यंत तिच्यावर बसू नका. मग सीटवर वजन टाकून सोडा. मागचं रबर दबून हळूच वर यायला हवं. दगडासारखं लागलं किंवा भुसभुशीत होऊन गळत असलं तर बदलावं लागेल. मोल्टनवाल्यांचा क्लब आहे, सुटे भाग त्यांच्यामार्फत मिळतात, त्यामुळे त्याची धास्ती नको. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा. ठक्‌ठक् वाजलं तर पुढच्या सस्पेन्शनमध्ये झीज आहे. सीटचा दांडा वर-खाली होतो का ते मात्र पैसे देण्याआधी बघाच. गंजून अडकलेला दांडा काढायला माझा एकदा अख्खा रविवार गेला आहे.

आणि सालाची खात्री हवी असेल तर मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, बघा. स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा हब असेल तर त्याच्यावर सालाचे दोन आकडे ठोकलेले असतात. 64 दिसलं तर आजींची आठवण बरोबर. (त्या हबला दर महिन्याला तेलाचे चार थेंब द्या. माझे वडील गिअरच्या सायकली क्वचितच बघत, पण हा हब त्यांना दाखवायला हवा होता, असं मला दर वेळी वाटतं.)

रिम स्टीलच्या असतील तर पावसात ब्रेक उशिरा लागतात. रेडिंगचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. ब्रेकचे चांगले रबर बसवा आणि ओल्या रस्त्यावर अंतर राखून चालवा. टायर, ट्यूब, केबल, छर्रे आणि ग्रीस धरून आणखी शंभरेक पौंड बाजूला ठेवा.

चिमटा शाबूत असेल तर घ्या, आणि 350च द्या. यजमानांची सायकल आहे, घासाघीस करू नका. मागच्या कॅरिअरवर डबा, लॅपटॉप आणि येताना आठवड्याची भाजी सहज बसेल; चाक लहान असल्यामुळे ओझं खाली राहतं आणि सायकल डुलत नाही. पन्नाशीचं म्हणाल, तर मी चोपन्न वर्षांची आहे आणि रोज अशाच मोल्टनवर जाते.

प्रश्न: मुलगा बाथला शिकतो. तिथून जुनी मोल्टन किंवा रॅले ट्वेंटी पुण्याला आणावी असं मनात आहे. इथे टायर मिळतील का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: दादा, इंचांवर जाऊ नका, टायरच्या कडेवरचा तीन आकडी नंबर वाचा. आपल्याकडच्या मुलांच्या सोळा इंची सायकलला 305चा टायर लागतो, त्या काळच्या मोल्टनला 349चा. दोन्हींना सोळा इंचीच म्हणतात आणि एक दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. मी स्वतः पहिल्या खेपेला 305ची जोडी आणली आणि पैसे वाया घालवले. वीस इंचांचंही तेच: रॅले ट्वेंटीला 451 लागतो, बीएमएक्सला 406. ब्रॉम्प्टन या घडीच्या सायकलचाही टायर 349च असतो, त्यामुळे इंग्लंडमध्ये तो कुठेही मिळतो. मोल्टन आणणार असाल तर मुलाला सायकलबरोबर चार टायर, चार ट्यूब आणि मागच्या रबराचा एक जादा नग आणायला सांगा.

दोन्हींतली निवड करायची तर तुमच्यासाठी मी ट्वेंटी म्हणेन. 1968ची ही रचना अगदी साधी आहे, तिला सस्पेन्शन नाही, म्हणजे झिजायला तेवढं कमी. फ्रेम दणकट आहे आणि इंग्लंडमध्ये ती मोल्टनपेक्षा बरीच स्वस्त मिळते. माझी 60 पौंडांची आहे. दोन अडचणी सांगून ठेवते. हँडलच्या नळीत वर छर्ऱ्यांऐवजी प्लॅस्टिकचं बुश असतं, आणि पायडलच्या एक्सलच्या वाटीचा आटा रॅलेचा स्वतःचा, इंचाला सव्वीस फेऱ्यांचा. पेठेतल्या कारागिरानं दुसरी वाटी जोर लावून बसवू पाहिली तर फ्रेमचा आटा जाईल. त्याला हे आधी सांगा, आणि जुन्या वाट्या खराब वाटल्या तरी फेकू देऊ नका.