मज्जासंस्था पहिल्यांदा वाचताना

अगं, पहिल्याच आठवड्यात बारा क्रेनियल नर्व्ह (थेट मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या जोड्या) पाठ करायला बसू नकोस. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी मीही तेच केलं होतं. नावं तोंडपाठ, पण कोणती नस काय करते विचारलं की ततपप.

आधी एकच प्रसंग घे. पोळी उलटताना बोट तव्याला लागलं. त्वचेतला संदेश संवेदी नसेतून पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूच्या मागच्या बाजूने आत शिरतो, तिथे मधल्या न्यूरॉनकडे (चेतापेशीकडे) जातो आणि पुढच्या बाजूने बाहेर पडून दंडाच्या स्नायूला आखडायला लावतो. हात मागे येतो. मेंदूला खबर लागते ती नंतर, म्हणून "आई गं" हात सुटल्यावर निघतं! हा रस्ता न बघता वहीत काढता आला की मेंदू आणि मज्जारज्जू म्हणजे मध्यवर्ती भाग, बाहेरच्या नसा म्हणजे परिघीय, हे वेगळं घोकावं लागत नाही.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- न्यूरॉन म्हणजेच नस समजणं. न्यूरॉन ही एक पेशी. नस म्हणजे अशा अनेक पेशींच्या लांब तंतूंची जुडी.
- मज्जारज्जू माकडहाडापर्यंत जातो असं धरणं. मोठ्या माणसात तो साधारण कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो, म्हणून पाठीतलं पाणी काढायची सुई त्याखाली घालतात.
- मानेचे मणके 7, मग नसांच्या जोड्याही 7 लिहिणं. मानेतल्या 8 आहेत, मज्जारज्जूतून निघणाऱ्या सगळ्या मिळून 31.

सिनॅप्समधली (दोन न्यूरॉनच्या जोडावरची) रसायनं आणि आयनांची ये-जा सध्या राहू दे. आकृती काढलीस की दाखव मला.