समुद्रासाठी काम करायचंय, पण मी तर कोडिंगवाला

"आयटी सोडून समुद्री संवर्धनात जायचंय, पण मग पहिल्यापासून मरीन बायोलॉजी शिकावं लागेल का?" मी करिअर समुपदेशक, हा प्रश्न माझ्याकडे इतक्यांदा येतो की एकाची गोष्टच सांगते, त्याच्या परवानगीने आणि ओळख पटेल असं सगळं बदलून.

बॅकएंड डेव्हलपर, तिशी ओलांडलेली, पगार उत्तम आणि कामाचा पार वीट आलेला. पहिल्याच सेशनला राजीनाम्याचा ड्राफ्ट आणि मास्टर्स कोर्सेसची भलीमोठी यादी घेऊन आला. मी विचारलं, या क्षेत्रातल्या नोकरीच्या जाहिराती किती वाचल्यात? एकही नाही. (बरेच जण असंच करतात, कोर्सवाले आपणहून समोर येतात, नोकऱ्या मात्र शोधाव्या लागतात.)

मग वाचायला बसवलं. प्रजाती ओळखणं, माशांच्या साठ्याचा अंदाज बांधणं, संशोधनाचं नेतृत्व, अशा पोस्टला डिग्री लागतेच, तिथे शॉर्टकट नाही. पण सॅटेलाइट इमेज, पाण्याखालचे मायक्रोफोन, प्राण्यांना लावलेले टॅग यातून डेटाचा नुसता पूर येतो आणि तो सांभाळायला माणसं लागतात. ग्लोबल फिशिंग वॉचचंच बघा ना, 2016 मध्ये ओशियाना, स्कायट्रुथ आणि गूगल यांनी मिळून ते सुरू केलं, जहाजांचे एआयएस सिग्नल (जहाज आपली ओळख, जागा आणि वेग कळवायला सोडतं ते रेडिओ सिग्नल) घेऊन त्यांच्या वेगावरून आणि वळणांवरून मॉडेल सांगतं की हे जहाज नुसतं चाललंय की मासेमारी करतंय. लहान बोटींवर बऱ्याचदा एआयएस नसतंच आणि काही जहाजं मुद्दाम बंद करतात, म्हणून मग सॅटेलाइट रडारच्या इमेजशी ताडून बघायचं. हे वाचून तो म्हणाला, "मॅडम, हे तर माझंच काम आहे." अगदी तसंच नाही, पण बरंचसं.

राजीनामा बाजूला ठेवायला लावून एक काम दिलं. ओबिस हा समुद्री जीवांच्या नोंदींचा खुला डेटाबेस आहे, युनेस्कोच्या आयओसी या समुद्रविज्ञान आयोगाखाली चालतो. त्यातल्या एका प्राणिगटाच्या नोंदी घ्या आणि साफ करा. त्याने समुद्री कासवं घेतली. अक्षांश-रेखांश उलटे पडलेल्या नोंदी पकडल्या, अक्षांश-रेखांश दोन्ही शून्य असलेल्याही पकडल्या, त्या तर गिनीच्या आखातात म्हणजे पाण्यातच पडतात त्यामुळे नकाशावर संशयही येत नाही. मग फिल्टर लावला, जमिनीवर दिसणारी प्रत्येक नोंद उडवा. खूश होऊन कासवांवर काम करणाऱ्या एका संशोधिकेला पाठवलं. तिचं उत्तर दोन ओळींचं: मादी अंडी घालायला किनाऱ्यावर येते, तुम्ही घरटी उडवलीत.

पठ्ठ्या खट्टू झाला, मला मात्र बरं वाटलं. कारण "मला बायोलॉजी येत नाही" ही धूसर भीती आता "कासव कुठे, कधी आणि का येतं हे मला माहीत नाही" इतकी नेमकी झाली, आणि त्याला डिग्री लागत नाही, चार चांगले पेपर आणि प्रश्न विचारता येईल असं एक माणूस लागतं. डिग्रीला माझा विरोध नाही, पण आधी काम करून बघा, कुठे अडतंय ते कळलं की कोर्स निवडणंही सोपं जातं.

खरा कठीण भाग पैशाचा, आणि त्यावर आम्ही सगळ्यात जास्त बोललो. यातलं बरंचसं काम ग्रँटवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या अनुदानावर चालतं, ग्रँट संपली की कॉन्ट्रॅक्ट संपतं, आणि पगार टेक कंपनीच्या मानाने बराच कमी. शिवाय काल सीनियर होतात ते आज मीटिंगमध्ये साधे शब्द विचारत बसता, ते पचवायला वेळ लागतो (माझ्या मते पगारापेक्षा हेच जास्त टोचतं). आणि हो, स्वतः पैसे भरून जायचे व्हॉलंटियर प्रोग्राम असतात, अनुभव म्हणून जायला हरकत नाही, पण त्यातून नोकरी लागेल असं धरून चालू नका.

त्याने खर्च कमी करून काही महिन्यांची शिल्लक बाजूला टाकली आणि त्या संशोधिकेशी संपर्क ठेवला. सध्या नोकरी चालूच आहे, तिच्या टीमसाठी आठवड्यातला एक दिवस डेटा पाइपलाइनचं काम करतो, मोबदला थोडका आहे पण कॉन्ट्रॅक्ट लेखी आहे. पुढच्या ग्रँटच्या अर्जात डेटा इंजिनिअरचा पूर्ण पगार बजेटमध्ये धरा असं तिला सांगायचं ठरलंय, कसं मांडायचं त्याची तयारी या आठवड्यात करतोय.