लादेन मारला गेल्यावर अमेरिकेत आणि पाकिस्तानात लोकांची प्रतिक्रिया इतकी वेगळी का होती?

कारण अमेरिकी कमांडोंचा एकच छापा दोन देशांनी दोन वेगळ्या जखमांमधून पाहिला. 1 मे 2011 च्या रात्री ओबामांनी घोषणा करताच व्हाइट हाउससमोर गर्दी उसळली. फिलाडेल्फियात चालू बेसबॉल सामन्यात मोबाइलवर बातमी वाचलेल्या प्रेक्षकांनी ‘यूएसए, यूएसए’चा गजर सुरू केला. व्हाइट हाउससमोरच्या जमावात तरुणांचा भरणा मोठा होता, म्हणजे 2001 चा हल्ला शाळकरी वयात पाहिलेली पिढी. मृत्यूचा असा जल्लोष अनेक अमेरिकनांनाही खटकला, आणि मला तो संकोच रास्त वाटतो.

पाकिस्तानात लादेनबद्दलच्या दुःखापेक्षा लष्कराच्या नामुष्कीचा संताप अधिक होता. अबोटाबादमध्ये काकूलच्या लष्करी अकादमीपासून हाकेच्या अंतरावर तो राहत होता आणि परकी हेलिकॉप्टरे येऊन गेली, तरी कुणाला पत्ता नाही. त्यामुळे ‘लष्कर सामील होते की गाफील?’ हा प्रश्न उघडपणे विचारला गेला. संसदेने मात्र ठराव करून निषेध केला तो सार्वभौमत्वाच्या भंगाचा.

भारतात गृहमंत्री चिदंबरम यांनी लगेच मुंबईवरील हल्ल्याच्या सूत्रधारांकडे बोट दाखवले, कारण त्यांनाही पाकिस्तानातच आश्रय असल्याचे भारत आधीपासून सांगत होता.