धूर, टिकटिक आणि १४ लाख

नमस्कार. तुमचं पत्र वाचून आधी गाडीचा हेवा वाटला, मग आकड्यांकडे वळलो.

इतर वाचकांसाठी हकिकत थोडक्यात सांगतो. बाणेरला राहणाऱ्या या वाचकांकडे २००८ ची पोर्शे बॉक्सस्टर एस आहे, चार वर्षांपूर्वी १९ लाखांना घेतलेली. गणपतीपासून गाडी सुरू करताना निळसर धूर येतो आणि मिनिटभरात विरतो. इंजिनात टिकटिक ऐकू येते. दीड हजार किलोमीटरमागे लिटरभर ऑइल टाकावं लागतं. एका गॅरेजवाल्याने कान लावून 'इंजिन गेलं' असं सांगितलं आणि १४ लाखांचा अंदाज हातात दिला. दुसरा परदेशातून आलेलं वापरलेलं इंजिन ९ लाखांत बसवून द्यायला तयार आहे. एजंट आहे त्या स्थितीत ११ लाख देतोय; ठणठणीत गाडीला त्याच्याच म्हणण्यानुसार २१ आले असते. दुरुस्तीचे पैसे म्युच्युअल फंडातल्या ३४ लाखांतून काढायचे आहेत, आणि त्यातले २० लाख अकरावीतल्या मुलासाठी बाजूला ठेवलेले. वहिनी म्हणतात, विकून मोकळे व्हा.

माझं म्हणाल तर आज दुरुस्ती आणि विक्री, दोन्ही करू नका.

एजंटचा भाव नीट बघा. गॅरेजचं निदान तुम्ही त्याला सांगितलंय, त्याने इंजिन स्वतः ऐकलंय. २१ मधून १४ गेले की उरतात ७. तरीही तो ११ देतोय. धंदा करणारा माणूस चार लाख दान करत नसतो. एक तर त्याला स्वस्तात दुरुस्त करणारा माहीत आहे, नाहीतर इंजिन गेलेलं नाही असा त्याचा कयास आहे. या सगळ्या प्रकरणात ज्याने स्वतःचे पैसे पणाला लावलेत असा तो एकटाच, म्हणून त्याचा आकडा मी गॅरेजच्या अंदाजापेक्षा जास्त गांभीर्याने घेतो.

आता धुराकडे. तुमच्या गाडीत सहा सिलिंडर आडवे झोपलेले असतात. गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की थोडं ऑइल सिलिंडरमध्ये झिरपतं आणि स्टार्टला जळतं. अधूनमधून असा एखादा झोत निघणं या रचनेत स्वाभाविक आहे. पण रोज आणि भरपूर धूर येत असेल तर पहिला संशय ऑइल सेपरेटरवर, म्हणजे इंजिनातल्या वाफेतून ऑइल वेगळं काढणाऱ्या भागावर, घ्यावा. त्यातला पडदा फाटला की इंजिन ऑइल ओढून जाळू लागतं. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढायला नेहमीपेक्षा जास्त जोर लागतोय का, एवढं बघितलं तरी अंदाज येतो. हा सुटा भाग बदलायला इंजिन उघडावं लागत नाही. (धूर पांढरा, गोडसर वासाचा असेल तर कूलंट जळतोय, काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय. तुमचा यातला नाही.)

भीती खरी आहे ती टिकटिकीची. ती गार असताना जास्त येते की तापल्यावर, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि माझ्या दृष्टीने पत्रात राहून गेलेली ती ओळच सगळ्यात महाग होती. गार असताना येऊन नंतर थांबणारा आवाज बहुधा टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या सुट्या भागाचा, असतो. एक्झॉस्टचा जोड फुटला किंवा पट्ट्यावरच्या पुलीचं बेअरिंग गेलं तरी आवाज येतो. पट्टा काढून मिनिटभर इंजिन चालवलं की पुलीचा प्रश्न मिटतो. पण इंजिन तापेल तसा ठोका वाढत असेल तर सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडले असण्याची शक्यता आहे, आणि ३.४ लिटरच्या या इंजिनाचं ते जगभर माहीत असलेलं दुखणं आहे.

म्हणून २५-३० हजार बाजूला काढा आणि दुरुस्तीचं काम ज्याला मिळणार नाही अशा माणसाकडून तपासणी करून घ्या. प्लग काढून कॅमेरा आत घालायचा, जमल्यास खालून ऑइल पॅन उघडूनही बघायचं, कारण ओरखडे वरून हमखास दिसत नाहीत. ऑइल फिल्टर कापून त्यात चकाकणारे कण आहेत का ते पाहायचं. नुसत्या कॉम्प्रेशन टेस्टवर (सिलिंडरमधला दाब मोजण्यावर) समाधान मानू नका, ओरखडे असूनही ती चांगली येऊ शकते. सगळे फोटो मागून घ्या.

यात जोखीम आहे. इंजिन खरंच गेलेलं निघालं तर ते विकताना सांगावंच लागेल, आणि ११ चे ७ होतील. दोष किरकोळ निघाला तर लाखभर खर्चून गाडी २० च्या आसपास जाईल. म्हणजे एका पारड्यात चार लाखांचं नुकसान, दुसऱ्यात आठ लाखांचा फायदा. दोष किरकोळ असण्याची शक्यता तीनात एक असली तरी हिशेब बरोबरीत सुटतो. एजंटचा भाव पाहता ती त्याहून जास्त आहे.

वाईट निघालं तर मात्र वहिनींचं ऐका. १४ लाख घालून किंमत वाढते तेवढीच, आणि फंडातून काढताना करही आहे. काढलेल्या रकमेत निम्मा नफा धरला तर सव्वा लाखाची सूट वजा जाता साडेबारा टक्क्यांनी, उपकरासह सुमारे ७५ हजार. मुलाचे वीस लाख वगळले तर तुमच्याकडे बरोबर १४ उरतात, म्हणजे बाकी काहीच नाही. विम्याकडून आशा नको, झीज आणि यांत्रिक बिघाड पॉलिसीत बसत नाही. शिवाय २०२८ मध्ये नोंदणीचं नूतनीकरण आहे. वीस वर्षांवरच्या आयात मोटारीसाठी केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये ते शुल्क ८० हजार केलंय.

नऊ लाखांचं इंजिन तर नकोच. ते याच जातीचं, याच दुखण्याचं, आणि कुणी किती पिळलेलं ते कळायला मार्ग नाही. बिल आणि आयातीचे कागद नसतील तर संगम पुलाजवळच्या आरटीओत नवा इंजिन नंबर चढवताना जीव जाईल.

एजंटला पंधरा दिवस थांबायला सांगा. त्याला गाडी हवी आहे, तो थांबेल. आणि तोवर ताम्हिणीला जाऊ नका.