खाटेवरून काय दिसते?

प्रश्न : तालुक्याच्या गावी आमचे प्रसूती व शस्त्रक्रियेचे छोटे रुग्णालय आहे. यंदा रंगकाम काढायचे आहे. निळ्या रंगाने रुग्णाचा रक्तदाब उतरतो आणि गुलाबी रंगाने मन शांत होते, असे रंगविक्रेत्याने सांगितले. यात तथ्य किती आणि भिंतींना कोणता रंग द्यावा?
– एक डॉक्टर वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : इतक्या छातीठोकपणे कोणी सांगू लागले, तर थोडे सावध राहावे. गुलाबी रंगाची कीर्ती १९७९ मध्ये सिॲटल येथील नौदलाच्या तुरुंगातील एका प्रयोगापासून पसरली. कोठडी विशिष्ट गुलाबी रंगाची केल्यास कैदी निवळतात, असे तेव्हा सांगितले गेले, पण पुढे काटेकोर चाचण्यांत तसा परिणाम आढळला नाही. रुग्णालयांतील रंगांविषयीच्या संशोधनाचा एक मोठा आढावा २००४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. ठरावीक रंगाचा रुग्णाच्या प्रकृतीवर ठरावीक परिणाम होतो, असे म्हणण्याजोगा पुरावा त्यातही मिळाला नाही.

म्हणून कोणताही रंग फासावा, असे मात्र नाही. फिनलंडमधील पायमिओ येथे अल्वार आल्टो या वास्तुविशारदाने क्षयरोग्यांसाठी बांधलेले आरोग्यधाम १९३३ मध्ये सुरू झाले. त्या काळी क्षयाचा रुग्ण महिनोन्महिने पडून असे, त्यामुळे त्याच्या डोळ्यांसमोर भिंतीपेक्षा छतच अधिक वेळ राहणार, हे ओळखून आल्टोने खोल्यांच्या छतांना डोळ्यांना निववणारा हिरवा रंग दिला आणि दिवे असे बसवले की त्यांचा उजेड थेट रुग्णाच्या डोळ्यांत जाऊ नये. (पाण्याचा आवाज शेजारच्या खाटेपर्यंत जाऊ नये, म्हणून हात धुण्याच्या बेसिनचा आकारही त्याने वेगळा केला होता.) आपल्याकडे भिंतींच्या छटेवर आठवडाभर खल होतो, छताला मात्र कोणालाही न विचारता पांढरा डिस्टेंपर लागतो आणि ट्यूबलाइट नेमकी उशीच्या वर येते. रंग ठरवण्यापूर्वी आपण स्वतः प्रत्येक खाटेवर, एकदा दुपारी व एकदा रात्री दिवे लावून, उताणे पडून पाहावे, हा माझा पहिला सल्ला.

खिडकीचेही तसेच आहे. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी रॉजर उलरिच यांनी तपासल्या आणि १९८४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. रुग्ण अवघे ४६ होते, तेव्हा यावरून फार मोठे अनुमान काढू नये. तरीही बाहेर कडुनिंब असेल, तर खिडकीला धुरकट काच बसवू नये, एवढे नक्की म्हणता येईल.

भिंतींसाठी फिकट, न चमकणारा, पण धुता येणारा रंग निवडावा. चकचकीत ऑइल पेंटवर दिव्याची तिरीप उमटते आणि ती पडून असलेल्या माणसाला फार जाचते. स्ट्रेचर घासते त्या उंचीपर्यंत थोडी गडद छटा चालेल. नवजात बालकांच्या खोलीत पिवळा वा निळा रंग नकोच, कारण भिंतीवरून परतणाऱ्या उजेडाने त्वचेचा रंग बदललेला भासतो आणि कावीळ किंवा निळसरपणा नजरेने ओळखणे कठीण जाते. हे आपल्याला सांगायला नको, रंगाऱ्याला मात्र सांगावे लागेल. वृद्धांच्या डोळ्यांतील भिंग पिवळसर होत जाते, त्यामुळे फिका निळा आणि फिका हिरवा त्यांना जवळजवळ सारखेच दिसतात. त्यांच्या दृष्टीने शौचालयाचे दार आणि आधाराचा दांडा भिंतीपेक्षा ठळक वेगळ्या रंगाचे असणे फार महत्त्वाचे आहे.

प्रश्न : ऑपरेशन थिएटरमध्ये हिरवा रंग रुग्णाची भीती कमी करण्यासाठी असतो का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही, तो शल्यचिकित्सकाच्या सोयीसाठी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी थिएटरमध्ये सारे पांढरेशुभ्र असे आणि प्रखर दिव्यांखाली डोळे दिपत. रक्ताच्या लाल रंगाकडे बराच वेळ पाहून नजर पांढऱ्यावर गेली, की हिरवट ठिपके तरळतात, ते वेगळेच. १९१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील शल्यचिकित्सक हॅरी शर्मन यांनी लालाचा पूरक म्हणून भिंतींना व जमिनीला हिरवा रंग दिला; त्याने चकाकी घटली, शिवाय असे ठिपके हिरव्या पार्श्वभूमीत विरून जातात. अंगावरचे गाऊन आणि रुग्णावर पांघरायची कापडे हिरवी किंवा निळी असतात, तीही याच कारणाने.