ठराव ते ओंजळ

प्रश्न : आमच्या वाडीतून दरवर्षी 20 मार्चला महाडला गाडी जाते. यंदा कॉलेजात शिकणारा मुलगा म्हणाला, "तळे कधीच खुले झाले, कायदेही झाले, आता तिथे जाऊन काय मिळवायचे?" मला नीट उत्तर देता आले नाही. आपण काय सांगाल?
– एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : प्रश्न रास्त आहे, मात्र तळे 'खुले झाले' म्हणजे नेमके केव्हा, हे त्याला आधी सांगा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा समाजसुधारक सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 साली संमत झाला आणि पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळे कागदोपत्री खुले केले. तरीही 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह तिथे जाऊन ओंजळीने पाणी पिईपर्यंत तो ठराव दप्तरातच होता. त्यानंतर सत्याग्रहींना मारहाण झाली, तळे पंचगव्याने 'शुद्ध' करण्यात आले, ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला आणि डिसेंबरात तळ्यावर जाण्यास न्यायालयाचा मनाई हुकूम निघाला. उच्च न्यायालयाचा निकाल बाजूने लागला तो 17 मार्च 1937 रोजी, म्हणजे ओंजळीनंतर दहा वर्षांनी. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. तो वाचताना मला महाडच आठवते.

आता कायद्यानंतरचे पाहू. मी ज्या गावात वाढलो, तिथे एप्रिलअखेर विहिरीचा तळ दिसू लागला की बौद्धवाडीतल्या बायका हंडे-कळशा घेऊन कठड्यापासून चार हात लांब थांबत. मनाई कोणीही केलेली नव्हती, पण वरच्या वाडीचे भरून झाल्याशिवाय त्या रहाटाला हात लावत नसत. (आम्हां मुलांना ती रांगच वाटे, हे आज लिहिताना लाज वाटते.) पुढे नळयोजना आली आणि विहिरीवर जाळी बसली, बौद्धवाडी मात्र जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला आली.

तेव्हा मुलाला महाडला जरूर न्या, आणि परतल्यावर त्याला ग्रामपंचायतीत पाठवा. नळयोजनेचा नकाशा मागून घेऊन, टाकीपासून कोणती वाडी किती लांब आहे आणि कोणाला किती वेळ पाणी सुटते, हे त्याने उन्हाळाभर वहीत टिपावे आणि पुढच्या ग्रामसभेत उभे राहून वाचून दाखवावे.